दमा असताना व्यायाम: आधी काय, नंतर काय आणि नेमके कुठे चुकते

दमा असलेली व्यक्ती व्यायामाला लागते तेव्हा बहुतेक वेळा क्रम ठरलेला असतो. पहाटे उठून बूट घालायचे, घराबाहेर पडताच झपझप चालायला किंवा पळायला लागायचे, दहा मिनिटांत छाती भरून आली की थांबायचे आणि खिशात असलाच तर पंप ओढायचा. असे दोन-चार वेळा झाले की ‘मला व्यायाम झेपत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि बूट माळ्यावर जातात. येथे व्यायामाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण सारा क्रमच उलटा झालेला असतो. जे औषध आधी घ्यायचे ते शेवटी घेतले जाते, शरीर तापवण्याचा टप्पा गाळला जातो, आणि मुळात दमा आटोक्यात आहे की नाही हे कोणी पाहिलेलेच नसते.

पुढील टप्पे ज्यांच्या दम्याचे निदान डॉक्टरांनी केले आहे अशा प्रौढांसाठी आणि मोठ्या मुलांसाठी लिहिले आहेत. औषधांच्या मात्रा सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या आहेत. डॉक्टरांनी तुमच्या कागदावर काही वेगळे लिहिले असेल, तर तेच पाळावे.

एक गोष्ट समजली की बाकीच्या सूचनांमागचे कारण आपोआप कळते. शांत बसलेला माणूस नाकाने श्वास घेतो आणि नाक त्या हवेला ऊब व ओलावा देते. जोराच्या श्रमात श्वास तोंडाने आणि कितीतरी अधिक प्रमाणात घेतला जातो, त्यामुळे श्वासनलिकांचे अस्तर कोरडे पडते. दम्यात हे अस्तर आधीच सुजलेले असते. कोरडेपणामुळे त्यातील पेशी हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन यांसारखी द्रव्ये सोडतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. हा त्रास साधारणपणे पाच ते दहा मिनिटांच्या जोरकस श्रमानंतर, पुष्कळदा तर थांबल्यावर, वाढतो आणि अर्ध्या ते एका तासात ओसरतो.

टप्पा १: दमा आटोक्यात आहे का, ते ठरवा

बूट विकत घेण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. गेल्या चार आठवड्यांत दिवसा दम्याचा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? रात्री दम्यामुळे किंवा खोकल्याच्या उबळीमुळे एकदाही जाग आली का? त्रास झाला म्हणून आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा घ्यावा लागला का? दम्यामुळे जिने चढणे, चालणे, खेळणे यांपैकी काही टाळावे लागले का? चारही उत्तरे ‘नाही’ असतील तर दमा आटोक्यात आहे असे मानून पुढे जाता येते. एक-दोन उत्तरे ‘हो’ असतील तर तो अर्धवट आटोक्यात आहे, आणि तीन-चार असतील तर नाहीच. ‘हो’ असलेल्या प्रत्येकाने व्यायामाचा कार्यक्रम आखण्याआधी औषधोपचार नीट करून घ्यावा.

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान याच टप्प्यावर होते. आपल्याकडे पुष्कळजण फक्त साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉलच्या पंपावर वर्षानुवर्षे काढतात. हे औषध आवळलेले स्नायू सैल करते, परंतु अस्तराची सूज तशीच राहते. सूज उतरवण्याचे काम श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड करते, उदाहरणार्थ ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन. प्रौढांनी आणि बारा वर्षांवरील मुलांनी केवळ साल्ब्युटामॉलवर अवलंबून राहू नये, असे दम्यावरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्था ‘गिना’ २०१९पासून सांगत आहे. सूज तशीच ठेवून व्यायामाची सवय लावू पाहणाऱ्याला रोज तोच अनुभव येतो आणि दोष मात्र व्यायामाच्या माथी मारला जातो.

इशारा: ‘पंपाची सवय लागते’ या समजुतीपायी स्टिरॉइडचा इन्हेलर स्वतःच बंद करू नये. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट फुप्फुसात जाते, त्यामुळे स्टिरॉइडच्या गोळ्यांच्या दुष्परिणामांशी तिची बरोबरी करता येत नाही. त्याचा परिणाम जाणवायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, म्हणून दोन दिवसांत फरक पडला नाही एवढ्यावरून ते निरुपयोगी ठरवू नये.

तपासून घ्या: औषधांच्या दुकानात काही शे रुपयांत पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणारे छोटे साधन, मिळते. बरे असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ, उभे राहून, प्रत्येक वेळी तीनदा जोराने फुंकावे आणि तिन्हींपैकी सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवावा. त्या पंधरवड्यातला सर्वोत्तम आकडा हे तुमचे स्वतःचे प्रमाण. पुढे ज्या दिवशी आकडा त्याच्या ८० टक्क्यांहून वर असेल त्या दिवशी ठरलेला व्यायाम करावा. ५० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर व्यायाम टाळून डॉक्टरांनी दिलेल्या सूचनांप्रमाणे औषध वाढवावे. ५० टक्क्यांच्या खाली असेल तर विषय व्यायामाचा उरतच नाही, त्या दिवशी तातडीने उपचार घ्यावेत.

टप्पा २: धाप दम्याचीच आहे, याची खात्री करा

धाप लागण्याची कारणे अनेक आहेत आणि दम्याचा शिक्का बसलेल्या माणसाच्या बाबतीत ती सगळी दम्याच्या खाती जमा होतात. बरीच वर्षे बैठे काम केलेल्याला जिना चढताना धाप लागते, पण ती थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत शमते आणि तिच्याबरोबर घरघर किंवा खोकला नसतो. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असेल तरी थोड्या श्रमाने दम लागतो, आणि स्त्रियांमध्ये हे कारण इतके सर्रास आढळते की रक्ताची साधी तपासणी आधीच करून घेतलेली बरी. काही तरुण खेळाडूंमध्ये जोराच्या श्रमात स्वरयंत्राचा भाग आकसतो. तेव्हा श्वास आत घेताना गळ्यात आवाज येतो, गळा आवळल्यासारखा वाटतो, थांबताच काही मिनिटांत बरे वाटते आणि पंपाने काडीचाही फरक पडत नाही. दम्यात मात्र घरघर बहुधा श्वास सोडताना ऐकू येते.

शंका असेल तर व्यायामाआधी आणि नंतर स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून श्वासाचे प्रमाण मोजणारी तपासणी, करून पाहता येते. व्यायामानंतर पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेल्या हवेचे प्रमाण १० टक्के किंवा त्याहून अधिक घटले, तर श्वासनलिका आवळत असल्याचे दिसते.

इशारा: श्रमाबरोबर छातीत दुखणे, हातात किंवा जबड्यात कळ जाणे, भोवळ येणे किंवा छातीचे ठोके अनियमित होणे ही दम्याची लक्षणे समजू नयेत. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा धूम्रपान यांची जोड असेल तर, हृदयाची तपासणी करूनच व्यायाम सुरू करावा.

टप्पा ३: इन्हेलर घेण्याची पद्धत दुरुस्त करा

औषध बरोबर, मात्रा बरोबर, पण ते फुप्फुसात पोचतच नाही, अशी स्थिती फार सामान्य आहे. वर्षानुवर्षे पंप वापरणारेही डॉक्टरांसमोर तो घेऊन दाखवताना एखादी पायरी चुकवतात. दाबाचा पंप आणि पावडरीचे साधन यांची रीत एकमेकांच्या नेमकी उलट आहे, आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो.

दाबाचा पंप शक्यतो स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, लावून घ्यावा. पंप चांगला हलवावा, स्पेसरला जोडावा, श्वास सावकाश पूर्ण सोडावा, स्पेसरचे तोंड ओठांत घट्ट धरावे, पंप एकदाच दाबावा आणि लगेच सावकाश, खोल श्वास आत घ्यावा. मग दहा सेकंद, किंवा जमेल तितका वेळ, श्वास रोखून धरावा. दुसरा दाब घ्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून, सगळी कृती पहिल्यापासून करावी. स्पेसरमध्ये एकदम दोन-तीन दाब मारून एका श्वासात ओढणे ही नेहमीची चूक आहे, कारण त्यात पुष्कळसे औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटते.

रोटाहेलरसारख्या पावडरीच्या साधनात सावकाश श्वास घेऊन भागत नाही. कॅप्सूल बसवून, साधन फिरवून किंवा दाबून ती उघडल्यावर, श्वास साधनापासून तोंड बाजूला करून सोडावा, कारण आत फुंकर गेली तर पावडर ओलसर होते. त्यानंतर ओठ घट्ट मिटून जोरात, वेगाने आणि खोल श्वास ओढावा. कॅप्सूलमध्ये पावडर उरली असेल तर पुन्हा एकदा ओढावे. जोराची धाप लागलेली असताना असा ओढ देणारा श्वास घेणे कित्येकांना जमत नाही. म्हणून रोजचे औषध पावडरीचे असले तरी व्यायामाला जाताना आणीबाणीसाठी दाबाचा पंप आणि स्पेसर जवळ असणे मला अधिक सुरक्षित वाटते. हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

आणखी काही चुका येथेच नोंदवतो. नवा पंप किंवा बरेच दिवस न वापरलेला पंप आधी दोन-चार वेळा हवेत दाबून मग वापरावा. पंप रिकामा झाला की नाही हे पाण्यात तरंगवून पाहण्याची रीत भरवशाची नाही. आकडा दाखवणारा पंप घ्यावा, नाहीतर दाब मोजून लिहून ठेवावेत. दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या गाडीत पंप ठेवू नये. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसल्यास प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध त्याला चिकटते. स्टिरॉइडचा इन्हेलर घेतल्यावर गुळणी करून पाणी थुंकावे. इन्हेलर रंगावरून ओळखू नये, त्यावरचे नाव वाचावे, कारण रंग कंपनीगणिक बदलतात.

तपासून घ्या: पुढच्या भेटीत आपला इन्हेलर सोबत नेऊन डॉक्टरांसमोर किंवा औषध विक्रेत्यासमोर प्रत्यक्ष घेऊन दाखवावा. ‘मला येते’ असे तोंडी सांगून हा टप्पा पुरा होत नाही.

टप्पा ४: लेखी आराखडा आणि पिशवी तयार ठेवा

डॉक्टरांकडून एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: रोजचे औषध, व्यायामाआधीचे औषध आणि त्रास वाढल्यास काय व किती घ्यायचे. त्याचा फोटो फोनमध्ये असावा आणि सोबत व्यायाम करणाऱ्या एका माणसाला तो माहीत असावा. पिशवीत पंप, स्पेसर, पाणी आणि हा कागद असला की पुरे.

शाळकरी मुलांच्या बाबतीत पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद न राहता मुलाच्या दप्तरात किंवा मैदानावरच्या शिक्षकाच्या हाताशी हवा. खेळाच्या शिक्षकांना पालकांनी लेखी कळवावे. ‘मुलाला वेगळे वागवतील’ या भीतीने दमा लपवला, तर त्रास झालेल्या क्षणी समोरच्याला काय करावे तेच कळत नाही.

हेच पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांबाबत दिसते. १६०० मीटरच्या सरावात खोकत-खोकत पळणारी मुले प्रशिक्षकाला काही सांगत नाहीत आणि मित्राच्या सल्ल्याने पळण्याआधी कसलीशी गोळी घेतात. साल्ब्युटामॉलची गोळी किंवा थिओफायलिन गटातली गोळी ही इन्हेलरची जागा घेऊ शकत नाही. तिच्यामुळे हात थरथरणे, छाती धडधडणे, मळमळ हे त्रास अधिक होतात आणि व्यायामापुरते संरक्षण कमी मिळते. स्पर्धात्मक खेळाडूंसाठी आणखी एक बाब अशी की श्वासावाटे घेतलेले साल्ब्युटामॉल उत्तेजक चाचणीच्या नियमांत ठरावीक मर्यादेपर्यंतच चालते, म्हणून घेत असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव संघाच्या डॉक्टरांना आधीच द्यावे.

टप्पा ५: हवा पाहून वेळ आणि जागा ठरवा

‘पहाटेची हवा शुद्ध’ हे वाक्य वर्षभर खरे नसते. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो, त्यामुळे धूर आणि धूलिकण वर न जाता खालीच कोंडतात. पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे जी धूसर चादर दिसते तिच्यात केवळ धुके नसते. त्यात भर म्हणजे ही हवा थंड आणि कोरडी असते, म्हणजे श्वासनलिकांना सर्वांत नकोशी. या दिवसांत ऊन चांगले वर आल्यावर व्यायाम करावा. उन्हाळ्यात उलट करावे, कारण भर दुपारच्या उन्हात शहरी हवेत ओझोन वाढतो, तेव्हा सकाळ लवकरची वेळ बरी.

घराबाहेर पडण्याआधी हवेचा निर्देशांक पाहावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ ॲप आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ ही सेवा तो देतात. निर्देशांक १००पर्यंत असेल तर नेहमीचा व्यायाम करता येतो. १०१ ते २०० या पट्ट्याला ‘मध्यम’ म्हटलेले असले तरी दमा असलेल्यांना त्यात श्वासाचा त्रास होऊ शकतो असे मंडळाच्याच वर्गवारीत नमूद आहे, म्हणून त्या दिवशी वेग आणि वेळ दोन्ही कमी ठेवावे. २००च्या पुढे घरातच व्यायाम करावा. एन-९५ मास्क लावून वाईट हवेत पळणे हा उपाय नव्हे, त्याने श्वासाला अडथळा वाढतो आणि वायुरूप प्रदूषके अडतही नाहीत. थंडीत नाका-तोंडावर सैल मफलर घेण्याचा मात्र उपयोग होतो, कारण आत जाणारी हवा थोडी उबदार आणि ओलसर होते.

निर्देशांक शहराचा असतो. तुमच्या गल्लीतला कचरा पेटला आहे का, शेजारच्या उसाच्या फडात पाचट जाळले जात आहे का, मळणी चालू आहे का, रस्त्याचे काम निघाले आहे का, हे ॲप सांगत नाही, ते स्वतः पाहावे लागते. दिवाळीत फटाक्यांच्या रात्रीनंतरची सकाळ सरळ सोडून द्यावी. पावसाळ्याच्या अखेरीस गवताला आणि गाजरगवताला फुलोरा येतो, तेव्हा परागांची ॲलर्जी असलेल्यांनी मोकळ्या माळरानाऐवजी छताखालची जागा निवडावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी येते, अशा खोलीत किंवा तळघरातल्या व्यायामशाळेत श्वास जोराने घेणे टाळावे. घरात व्यायाम करायचा तर त्याआधी उदबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि फोडणीचा धूर यांपासून खोली मोकळी करावी.

टप्पा ६: व्यायामाआधीचे औषध वेळेवर घ्या

श्रमाने त्रास होतो हे माहीत असेल आणि डॉक्टरांनी तसे सांगितले असेल, तर साल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे दोन दाब व्यायामाच्या दहा ते पंधरा मिनिटे आधी घ्यावेत. त्याचे संरक्षण साधारण दोन ते चार तास टिकते. मैदानाच्या फाटकात उभे राहून पंप ओढायचा आणि लगेच पळत सुटायचे, यात औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. ज्यांना ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हे एकत्रित औषध गरजेनुसार घेण्यास सांगितले आहे, त्यांना व्यायामाआधीही तेच वापरता येते, कारण फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत परिणाम दाखवते. सालमेटेरॉल असलेला इन्हेलर मात्र हळू काम करतो, म्हणून तो या किंवा आणीबाणीच्या कामासाठी वापरू नये. दोन्ही नावे सारखी वाटत असल्याने डबीवर काय लिहिले आहे ते नीट वाचावे.

इशारा: व्यायामाआधी रोज साल्ब्युटामॉल घेत राहिल्यास त्याचे संरक्षण हळूहळू कमी होते. रोज व्यायाम करणाऱ्याला रोजच पंपाची गरज पडत असेल, तर टप्पा १मधले प्रश्न पुन्हा विचारून डॉक्टरांकडे जावे. बहुधा रोजचे स्टिरॉइड अपुरे असते किंवा नियमित घेतले जात नसते.

टप्पा ७: अंग तापवा, आणि घाई करू नका

हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो. दम्यात तो औषधाच्या खालोखाल महत्त्वाचा आहे. एकूण दहा ते पंधरा मिनिटे द्यावीत. पहिली पाच-सात मिनिटे नाकाने श्वास घेता येईल अशा संथ गतीने चालावे आणि खांदे, कंबर, गुडघे मोकळे करावेत. त्यानंतर सुमारे अर्धा मिनिट थोडा वेग वाढवायचा आणि एक ते दीड मिनिट पुन्हा संथ व्हायचे, अशी सहा-आठ आवर्तने करावीत. अशा थोड्या थोड्या श्रमानंतर अनेकांच्या श्वासनलिका पुढचे एक ते तीन तास तितक्या आवळत नाहीत. सर्वांना हा लाभ होत नाही, म्हणून त्यावर विसंबून आधीचे औषध सोडू नये.

अनेकजण अंग तापवण्याऐवजी भस्त्रिका किंवा कपालभाती करतात. जलद आणि जोरकस श्वासोच्छ्वासाने श्वासनलिका कोरड्या पडतात, म्हणजे ज्या कारणाने त्रास होतो तेच आपण व्यायामाआधी करून बसतो. सावकाश केलेल्या अनुलोम-विलोमाला हरकत नाही. श्वासाच्या व्यायामांनी काहींना बरे वाटते हे खरे असले तरी त्यांनी अस्तराची सूज उतरत नाही, त्यामुळे प्राणायाम सुरू केला म्हणून इन्हेलर थांबवू नये.

तपासून घ्या: आवर्तने संपल्यावर एक मिनिट उभे राहावे. खोकल्याची ढास, छातीत जडपणा किंवा घरघर असेल तर मुख्य व्यायामाला हात लावू नये.

टप्पा ८: मुख्य व्यायाम, एका वेळी एकच गोष्ट वाढवून

सुरुवात सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे चालण्याने करावी, आठवड्यातून पाच दिवस. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकाच वेग ठेवावा. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत अर्ध्या तासापर्यंत जावे. आठवड्याला १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम हे जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेले किमान प्रमाण असे गाठता येते. त्यानंतरच वेग किंवा चढ वाढवावा, आणि वेळ, वेग व चढ यांपैकी एका आठवड्यात एकच. पुण्यात नव्या उत्साहाने पहिल्याच रविवारी सिंहगड चढायला निघणारे पुष्कळ असतात. चढ, थंड हवा आणि सोबत्यांच्या वेगाशी बरोबरी ही तिन्ही ओझी एकदम घेण्याची ही पद्धत दमा असलेल्यांनी टाळावी.

खेळ निवडताना श्रम सलग आहे की तुटक हे पाहावे. लांब पल्ल्याचे धावणे, फुटबॉल, वेगाने सायकल चालवणे यांत जोराचा श्वास सलग चालतो म्हणून त्रासाची शक्यता अधिक. बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, क्रिकेट आणि वजने उचलणे यांत मधे मधे विसावा मिळतो. खो-खोमध्ये बसलेल्या पाठलाग करणाऱ्याला विसावा असतो, पण उठल्यावरची धाव पूर्ण जोराची असते. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची असली तरी तेवढा वेळ एकाच दमात ‘कबड्डी’ म्हणत राहायचे असते आणि मातीच्या मैदानावर धूळ थेट तोंडासमोर उडते. खेळण्याआधी मैदानावर पाणी मारून घ्यावे आणि दोन चढायांमध्ये श्वास पूर्ववत होऊ द्यावा. पोहताना हवा दमट असते म्हणून पुष्कळांना ते मानवते, परंतु बंदिस्त तलावात क्लोरिनचा उग्र वास येत असेल तर तेथे उतरू नये. तारकर्लीसारख्या ठिकाणी स्कुबा डायव्हिंगचा अर्ज भरताना दमा लपवू नये. टाकीतली हवा कोरडी असते आणि पाण्याखाली श्वासनलिका आवळल्यास झटकन वर येणे हाच मोठा धोका असतो.

खोकला सुरू झाला, छाती जखडली, बोलताना वाक्य तुटू लागले की थांबावे. ‘एवढी एक फेरी पुरी करू’ हा विचार येतो, तीच थांबायची वेळ.

टप्पा ९: हळूहळू थांबा आणि अर्धा तास लक्ष ठेवा

जोराच्या श्रमातून एकदम उभे राहू नये. पाच ते दहा मिनिटे वेग कमी करत चालावे. त्यानंतरचा अर्धा तास एकटे राहू नये आणि लगेच दुचाकी घेऊन निघू नये, कारण त्रास याच काळात शिखर गाठतो. थंडीत घामाने भिजलेले कपडे लगेच बदलावेत.

तपासून घ्या: पहिले काही आठवडे व्यायामाआधी आणि व्यायामानंतर दहा-पंधरा मिनिटांनी पीक फ्लो मोजावा. आकडा बऱ्यापैकी घसरत असेल तर आपल्याला काही वाटत नसले तरी ती नोंद डॉक्टरांना दाखवावी.

इशारा: अंग दुखते म्हणून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेण्याआधी थांबावे. काही प्रौढांमध्ये, विशेषतः नाकात कोंब वाढलेले असणाऱ्यांमध्ये, या गोळ्यांनी दम्याचा तीव्र झटका येतो. पूर्वी असे झाले असेल तर हा गट कायमचा वर्ज्य समजावा. पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत बहुतेकांना चालते.

टप्पा १०: त्रास सुरू झालाच तर

थांबावे आणि ताठ, किंचित पुढे झुकून बसावे. आडवे होऊ नये, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत. साल्ब्युटामॉलचा पंप असेल तर स्पेसरमधून एका वेळी एक दाब याप्रमाणे चार दाब घ्यावेत आणि प्रत्येक दाबानंतर चार श्वास घ्यावेत. चार मिनिटे थांबून फरक पडला नाही तर पुन्हा चार दाब घ्यावेत. तरीही आराम नसेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल वापरणाऱ्यांनी टप्पा ४मधल्या कागदावरची मात्रा पाळावी.

एका दमात वाक्य पुरे न होणे, ओठ किंवा नखे निळसर पडणे, श्वासाबरोबर बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची त्वचा आत ओढली जाणे, ग्लानी येणे, किंवा आधी ऐकू येणारी घरघर अचानक बंद होऊनही माणूस अधिक घाबराघुबरा होणे, यांपैकी एकही दिसले तर चार मिनिटांची वाट न पाहता आधी फोन करावा. भोवतालच्यांनी छातीला बाम चोळणे, बळेच पाणी पाजणे किंवा कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावणे यांत वेळ घालवू नये.

आराम पडल्यावर त्या दिवशी पुन्हा व्यायाम नाही. तीन-चार तासांच्या आत पुन्हा पंप लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

टप्पा ११: खंड पडल्यावर परत येताना

नुसते नाक वाहत असेल आणि पीक फ्लो नेहमीसारखा असेल तर हलके चालायला हरकत नाही. ताप, खोकला, कफ किंवा घरघर असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत आणि पीक फ्लो सलग दोन-तीन दिवस ८० टक्क्यांच्या वर राहीपर्यंत थांबावे. ज्या झटक्यात स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, त्यानंतर गोळ्यांचा कोर्स पुरा करून डॉक्टरांना भेटल्याशिवाय मैदानात जाऊ नये. परतताना पूर्वीच्या अर्ध्या वेळेपासून आणि सपाट रस्त्यावरून सुरुवात करावी, आणि पहिले दोन आठवडे व्यायाम, हवेचा निर्देशांक, आधी घेतलेले औषध, त्रास कोणत्या मिनिटाला सुरू झाला आणि पीक फ्लो किती होता, एवढे पाच रकाने वहीत भरत जावे. औषध वाढवायचे की कमी करायचे हे डॉक्टरांना त्या वहीवरून ठरवता येते.